अंडमोचनाच्या दिवसांतील संप्रेरकांचे बदल घरच्या घरी कसे ओळखावेत

पाळी २८ दिवसांनी येते आणि १४व्या दिवशी बीज बाहेर पडते, हे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून मोबाइलमधील अॅपपर्यंत इतक्या ठिकाणी भेटते, की जिची पाळी ३३ दिवसांनी येते तिलाही आपले बीज १४व्या दिवशीच सुटत असावे असे वाटू लागते. मूल हवे म्हणून महिन्यामागून महिने चुकीच्या दिवसांवर भिस्त ठेवणारी जोडपी आणि मूल नको म्हणून चुकीच्या दिवसांना सुरक्षित समजणारी जोडपी, अशा दोघांचीही या एका वाक्याने फसगत होते. म्हणून या लेखात १४ हा आकडा बाजूला ठेवला आहे. अंडमोचनाच्या, म्हणजे बीज (अंडपेशी) अंडाशयातून बाहेर पडण्याच्या, आधी, त्या वेळी आणि नंतर कोणते संप्रेरक (हार्मोन) वाढते, ते शरीरावर कोणती खूण सोडते आणि ती खूण वहीत कशी नोंदवावी, एवढेच येथे क्रमाने सांगितले आहे. त्यासाठी एक वही, दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा दाखवणारा तापमापक आणि हवे असल्यास औषधांच्या दुकानात ओव्ह्युलेशन किट या नावाने मिळणाऱ्या पट्ट्या, एवढे साहित्य पुरते.

आधी क्रम समजून घ्यावा

मोजणीचा पहिला दिवस म्हणजे पॅड घ्यावे लागेल इतका रक्तस्राव ज्या दिवशी सुरू होतो तो दिवस. आदल्या संध्याकाळी दिसलेला तपकिरी डाग मोजणीत धरू नये. पुष्कळ वह्यांमध्ये चुकीची सुरुवात येथेच होते आणि पुढचा प्रत्येक आकडा एका दिवसाने सरकतो.

या पहिल्या दिवसाच्या थोडे आधीच मेंदूतील अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) आणि त्याखालची पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी कामाला लागलेल्या असतात. पियुषिका ग्रंथी पुटिका वाढवणारे संप्रेरक सोडते, ज्याला तपासणीच्या कागदावर एफएसएच म्हणतात. त्याच्या प्रभावाने अंडाशयातील काही पुटिका, म्हणजे अंडपेशी सांभाळणाऱ्या द्रवाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या, एकदम वाढू लागतात. पहिल्या आठवड्याच्या सुमारास त्यांतील एक पुटिका बाकीच्यांच्या पुढे जाते आणि इस्ट्रोजेन अधिकाधिक प्रमाणात तयार करू लागते. रक्तातील इस्ट्रोजेन वाढले की पियुषिका ग्रंथी एफएसएच कमी करते. मागे पडलेल्या पुटिका त्या कमी पुरवठ्यावर तग धरू शकत नाहीत आणि सुकून जातात. पुढे गेलेली पुटिका मात्र थोड्या एफएसएचवरही वाढत राहते, कारण तिने ते पकडण्याची आपली क्षमता तोवर वाढवून ठेवलेली असते. बहुतेक महिन्यांत एकच बीज पक्व होते, त्याचे कारण हेच.

यानंतरचा टप्पा संपूर्ण चक्रातील सर्वांत विलक्षण आहे. एरवी इस्ट्रोजेन वाढले की पियुषिका ग्रंथीला लगाम बसतो. परंतु रक्तातील इस्ट्रोजेनचे मुख्य रूप, एस्ट्राडायॉल, दर मिलिलिटरला साधारण २०० पिकोग्रॅमच्या वर जाऊन सुमारे ५० तास तेथेच टिकले, तर तोच लगाम टाच बनतो आणि पियुषिका ग्रंथी साठवलेले पीतपिंडकारी संप्रेरक, म्हणजे एलएच, एकदम मोठ्या प्रमाणात सोडते. पुटिका पुरेशी पक्व झाल्याचा निरोप मेंदूला मिळतो तो या पद्धतीने. त्यामुळे अंडमोचनाचा दिवस दिनदर्शिका ठरवत नाही, पुटिका ठरवते. तिला पक्व व्हायला ११ दिवस लागले तर बीज लवकर सुटते, २१ दिवस लागले तर उशिरा. आजारपण, मोठा प्रवास, परीक्षेचा ताण, वजन झपाट्याने घटणे किंवा रात्रपाळी यांमुळे पाळी पुढे जाते, ती बहुतांशी या पहिल्या भागात खोळंबा झाल्यामुळे.

एलएचची ही लाट सुरू झाल्यापासून साधारण ३४ ते ३६ तासांनी आणि तिच्या शिखरानंतर १० ते १२ तासांनी पुटिका फुटते. त्या वेळी तिचा व्यास १८ ते २४ मिलिमीटरच्या आसपास असतो. लाट येताच इस्ट्रोजेन झपाट्याने उतरते आणि प्रोजेस्टेरॉन हळूच चढू लागते. पुटिकेची भिंत विरघळवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये लागतात. म्हणूनच ज्यांना मूल हवे आहे त्यांनी या दिवसांत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत, कारण त्यांच्यामुळे काही वेळा पुटिका फुटणे लांबते किंवा ती फुटतच नाही. बाहेर पडलेली अंडपेशी १२ ते २४ तासच फलनक्षम राहते.

फुटलेली पुटिका वाया जात नाही. तिच्याच पेशींचा पिवळसर पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन तयार करतो. अंडमोचनानंतर साधारण सातव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन सर्वोच्च पातळीवर असते. गर्भ रुजला आणि त्याचे एचसीजी संप्रेरक मिळाले तर पीतपिंड टिकतो. तसे झाले नाही तर तो सुमारे दोन आठवड्यांत मावळतो, प्रोजेस्टेरॉन उतरते आणि पाळी येते. चक्राचा हा उत्तरार्ध बहुतेक स्त्रियांमध्ये १२ ते १४ दिवसांचा असतो आणि एकाच स्त्रीमध्ये महिन्यागणिक फारसा बदलत नाही. जपानमधील स्त्रीरोगतज्ज्ञ क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ साली हेच दाखवून दिले की अंडमोचनाचा दिवस मागच्या पाळीपासून पुढे मोजून सापडत नाही, तर येणाऱ्या पाळीपासून मागे मोजावा लागतो. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली, म्हणजे त्यांच्याकडे येणाऱ्या पहिल्या स्त्रियांना बीज नेमके केव्हा सुटते हे सांगण्याचा खात्रीचा आधार तेव्हा कोणाजवळही नव्हता. आज तो आधार आहे, तरीही आपण १४ हाच आकडा धरून बसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिली खूण: स्राव

सर्वांत उपयोगी खूण फुकट मिळते आणि सर्वांत जास्त गैरसमजही तिच्याच वाट्याला येतात. आपल्याकडे योनीतून रक्ताखेरीज काहीही आले की ‘अंगावरून पांढरे जाते’ असे म्हटले जाते, आणि ते म्हणताना आवाज खाली येतो, जणू तो अशक्तपणाच आहे किंवा आजार आहे. वस्तुतः गर्भाशयमुखातील ग्रंथी महिनाभर स्राव तयार करत असतात आणि त्याचे रूप इस्ट्रोजेनच्या चढउताराप्रमाणे पालटत असते. तो स्राव वाचता आला तर रक्ताचा थेंबही न काढता इस्ट्रोजेन चढते आहे की उतरले आहे हे कळते.

पाळी संपल्यावर काही दिवस जागा कोरडी वाटते. नंतर थोडा चिकट, पांढरट, बोटांवर तुटक राहणारा स्राव दिसतो. इस्ट्रोजेन वाढू लागले की तो ओलसर आणि दुधाळ होतो. पुटिका पक्व होत आली की तो पारदर्शक, निसरडा आणि अंड्यातील कच्च्या पांढऱ्या बलकासारखा होतो, व अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून ताणला तर न तुटता कित्येक सेंटिमीटर लांबतो. या ताणल्या जाणाऱ्या स्रावात शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, तर एरवीच्या आम्ल वातावरणात ते काही तासांतच मरतात. अंडमोचन झाले की प्रोजेस्टेरॉन हाच स्राव घट्ट करून टाकते आणि एक-दोन दिवसांत पुन्हा कोरडेपणा येतो.

नोंद करण्याची रीत सोपी आहे. दिवसातून दोन-तीनदा, लघवीला जाण्याआधी, स्वच्छ टिश्यूने किंवा धुतलेल्या बोटाने बाहेरच्या बाजूलाच स्राव पाहावा, बोट आत घालण्याची गरज नाही. रात्री वहीत त्या दिवशी दिसलेले सर्वांत ओलसर रूप एका शब्दात लिहावे: कोरडा, चिकट, दुधाळ किंवा ताणणारा. निसरडेपणाचा शेवटचा दिवस कोणता होता हे दुसऱ्या दिवशीच कळते, तेव्हा मागे जाऊन त्यावर खूण करावी. अंडमोचन बहुधा त्या दिवशी किंवा त्याच्या एक दिवस अलीकडे-पलीकडे झालेले असते. संबंधानंतर काही तास वीर्यामुळे फसगत होऊ शकते, म्हणून तेवढ्या वेळाची नोंद टाळावी. स्रावाबरोबर खाज, जळजळ किंवा दुर्गंध असेल, तो दह्याच्या गुठळ्यांसारखा अथवा हिरवट-पिवळा असेल, तर तो संसर्ग समजून डॉक्टरांना दाखवावे. ताणला जाणारा, वास नसलेला पारदर्शक स्राव मात्र निरोगीपणाचेच लक्षण आहे, आणि तो थांबवण्यासाठी घेतलेली कोणतीही पुडी किंवा योनी आतून धुण्याचे द्रावण हानीच करते.

दुसरी खूण: एलएचची लाट

लघवीत एलएच शोधणाऱ्या पट्ट्या औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. त्या वापरण्यात नेहमी होणारी चूक म्हणजे त्यांना गर्भधारणा तपासणीच्या पट्टीसारखे वाचणे. गर्भधारणेच्या तपासणीत दुसरी रेघ फिकट आली तरी ती होकारार्थी मानतात. येथे तसे नाही. एलएच थोडेफार नेहमीच असते, त्यामुळे फिकट रेघ कोणत्याही दिवशी दिसू शकते. तपासणीची रेघ शेजारच्या नियंत्रण रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच लाट आली असे समजावे.

कोणत्या दिवसापासून सुरुवात करावी हे ठरवण्यासाठी गेल्या सहा महिन्यांतील सर्वांत लहान चक्राच्या दिवसांतून १७ वजा करावेत. सर्वांत लहान चक्र २९ दिवसांचे असेल तर १२व्या दिवसापासून पट्टी वापरावी. सकाळची पहिली लघवी येथे सर्वोत्तम नसते, कारण अनेक स्त्रियांमध्ये लाट पहाटे सुरू होते आणि लघवीत उतरायला तिला काही तास लागतात. दुपारी किंवा संध्याकाळी, रोज साधारण एकाच वेळी तपासावे आणि त्याआधी दोन तास पाणी, चहा, ताक कमी प्यावे, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकट पडते. लाट दोन दिवसांच्या आसपासच टिकते, म्हणून एक दिवस चुकला तर ती हातून निसटू शकते. स्राव ताणणारा झाला की दिवसातून दोनदा तपासणे अधिक सुरक्षित ठरते. गडद रेघ दिसल्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटते.

या पट्टीला एक मर्यादा आहे. ती लाट आल्याचे सांगते, पुटिका फुटल्याचे सांगत नाही. पीसीओएस, म्हणजे अंडाशयात अनेक लहान पुटिका साठून अंडमोचन अनियमित होण्याचा विकार, असलेल्या अनेक स्त्रियांमध्ये एलएच महिनाभर चढेच असते, त्यामुळे पट्टी दिवसामागून दिवस गडद दिसते आणि प्रत्यक्षात अंडमोचन होतच नाही. अशा वेळी आणखी महागडे किट घेण्यापेक्षा त्याच पैशांत चांगला तापमापक घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे असे की मूल नको असलेल्यांनी या पट्टीवर विसंबू नये. ती एक-दीड दिवस आधी सूचना देते, पण शुक्राणू त्याच्याही आधीपासून वाट पाहत असू शकतात.

तिसरी खूण: तापमान

प्रोजेस्टेरॉन अधश्चेतकातील तापमान नियंत्रणावर काम करते, म्हणून अंडमोचनानंतर विश्रांतीच्या वेळचे शरीराचे तापमान साधारण अर्ध्या अंश फॅरनहाइटने किंवा त्याहून थोडे अधिक चढते आणि पाळी येईपर्यंत तसेच चढे राहते. हा फरक तापासारखा जाणवत नाही. तो दिसतो फक्त ओळीने लिहिलेल्या आकड्यांत. त्यासाठी एकच दशांश स्थळ दाखवणारा घरातला नेहमीचा तापमापक अपुरा पडतो.

सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून उठण्यापूर्वी, बोलण्यापूर्वी आणि चहा घेण्यापूर्वी जिभेखाली तापमान घ्यावे. त्याआधी सलग तीन तास तरी झोप झालेली असावी आणि वेळ रोज शक्यतो एकच असावी. तापमापक उशाशी ठेवावा, तो आणायला उठावे लागले तर त्या दिवसाचा आकडा बिघडतो. आकडा लिहिताना त्याच्याशेजारी रात्री जागरण झाले का, सर्दी-ताप होता का, मद्य घेतले होते का, हेही लिहावे. लहान मूल रात्री चार वेळा उठवत असेल किंवा रात्रपाळीची नोकरी असेल, तर ही खूण अविश्वसनीय ठरते आणि तेव्हा स्रावावर जास्त भर द्यावा.

वाचण्याचा नियम असा आहे: लागोपाठ तीन दिवसांचे आकडे त्यांच्या आधीच्या सहा दिवसांतील सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा जास्त असावेत आणि तिसरा आकडा किमान ०.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ०.२ अंश सेल्सिअस, इतका वर असावा. असे झाले तर अंडमोचन होऊन गेले असे मानता येते. एका दिवसाच्या उसळीवरून निष्कर्ष काढू नये. तापमान पुढचे काही सांगत नाही, ते झालेल्या गोष्टीची साक्ष देते. त्याचे खरे मोल दोन-तीन महिन्यांनंतर कळते, कारण आपला उत्तरार्ध किती दिवसांचा आहे हे केवळ त्यावरूनच घरी समजते.

तिन्ही खुणा एका चक्रात

समजा एका स्त्रीचे चक्र या वेळी ३१ दिवसांचे झाले. पाच दिवस रक्तस्राव, सहाव्यापासून नवव्या दिवसापर्यंत कोरडेपणा, १०व्या दिवसापासून चिकट आणि १३व्या दिवशी दुधाळ स्राव, व १४ ते १७ या दिवसांत ताणणारा स्राव अशी नोंद तिने केली. १२व्या दिवसापासून पट्टी फिकट होती, ती १६व्या दिवशी संध्याकाळी नियंत्रण रेघेइतकी गडद झाली. १७व्या दिवसापर्यंतचे तापमान ९७.२० ते ९७.५० या पट्ट्यात होते. १८व्या दिवशी ते ९७.९०, १९व्या दिवशी ९८.००, २०व्या दिवशी ९८.१० झाले आणि पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच उंचीवर राहिले.

येथे बीज बहुधा १७व्या दिवसाच्या अखेरीस सुटले आणि उत्तरार्ध १४ दिवसांचा झाला. मूल हवे असेल तर या चक्रातील उपयोगाचे दिवस १२ ते १७ हे सहा होते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून १९९५ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गर्भधारणा याच सहा दिवसांत, म्हणजे अंडमोचनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस यांतच झाल्याचे आढळले. त्याच गटाच्या नोंदींवर आधारित २००० सालच्या लेखात असे दिसले की हे सहाही दिवस १० ते १७ या दिवसांच्या आत बसणाऱ्या स्त्रिया सुमारे ३० टक्केच होत्या. त्या सहांपैकीही अंडमोचनाच्या आधीचे दोन दिवस विशेष अनुकूल असतात. म्हणून मूल हवे असलेल्यांनी तापमान चढण्याची वाट पाहत बसू नये, तोवर वेळ निघून गेलेली असते. ताणणारा स्राव दिसू लागताच दिवसाआड संबंध ठेवले तरी पुरे, आणि त्यामुळे दोघांवर येणारे घड्याळाचे दडपणही उतरते.

काही स्त्रियांना या दिवसांत ओटीपोटात एका बाजूला काही तास टोचल्यासारखे दुखते, काहींना इस्ट्रोजेन एकदम उतरल्यामुळे एखादा डाग दिसतो. त्यांचीही नोंद करावी, पण त्यांवरून दिवस ठरवू नये, कारण ही दुखण्याची वेळ पुढेमागे होते. दुखणे वाढत गेले, उलट्या किंवा ताप आला, तर ते अंडमोचनाचे समजून घरी थांबू नये. उजव्या बाजूचे दुखणे अपेंडिक्सचेही असू शकते.

प्रयोगशाळा आणि सोनोग्राफी

प्रोजेस्टेरॉनची तपासणी ‘२१व्या दिवसाची’ म्हणून लिहून दिली जाते. हा २१ म्हणजे १४ अधिक ७ आहे, आणि म्हणून तो २८ दिवसांच्या चक्रालाच लागू पडतो. वरील उदाहरणातील स्त्रीने २१व्या दिवशी रक्त दिले असते तर अंडमोचनाला चारच दिवस झाले असते आणि आकडा उगाच कमी आला असता. तिने २४व्या दिवशी जायला हवे. ज्यांच्या चक्राची लांबी ठाऊक आहे त्यांनी येणाऱ्या पाळीच्या सात दिवस आधीची तारीख धरावी आणि हे डॉक्टरांना नम्रपणे दाखवून द्यावे, वही समोर असेल तर सांगणे सोपे जाते. दर मिलिलिटरला ३ नॅनोग्रॅमच्या वरचा आकडा अंडमोचन झाल्याचे दर्शवतो. मात्र पीतपिंड प्रोजेस्टेरॉन झटक्याझटक्याने सोडतो, त्यामुळे एकाच दिवसात काही तासांच्या अंतराने आकडा बराच वेगळा येऊ शकतो, आणि ३च्या वरच्या दोन आकड्यांची तुलना करून खिन्न होण्यात अर्थ नाही. एफएसएच आणि एस्ट्राडायॉल यांचे पायाभूत आकडे पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहतात, तर प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारे संप्रेरक) आणि थायरॉइड यांच्या तपासण्या अंडमोचन का अडते हे शोधण्यासाठी असतात.

दवाखान्यात ज्याला फॉलिक्युलर स्टडी म्हणतात ती म्हणजे साधारण नवव्या-दहाव्या दिवसापासून दिवसाआड योनीमार्गे केलेली सोनोग्राफी. तीत वाढती पुटिका मिलिमीटरमध्ये मोजतात, ती दिवसाला सुमारे २ मिलिमीटर वाढते. नंतरच्या तपासणीत ती मिटलेली दिसली तर फुटल्याचे कळते. पुटिका फोडण्यासाठी एचसीजीचे इंजेक्शन दिले असेल तर त्यानंतर साधारण ३६ तासांनी बीज सुटते, आणि पुढचे दहा-बारा दिवस गर्भधारणेची पट्टी त्या इंजेक्शनमुळेच होकारार्थी दिसू शकते. या गोष्टीची कल्पना न दिल्यामुळे आनंदाने फोन केलेल्या आणि आठवड्याने कोसळलेल्या स्त्रिया मी जवळून पाहिल्या आहेत, म्हणून इंजेक्शन घेताना पट्टी केव्हा करायची ती तारीख लिहूनच घ्यावी.

जेव्हा या खुणा लागू पडत नाहीत

संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या एलएचची लाट येऊच देत नाहीत, त्यामुळे गोळ्यांच्या विश्रांतीत येणारा रक्तस्राव ही अंडमोचनानंतरची पाळी नसते. शासकीय आरोग्य केंद्रांत तीन महिन्यांनी दिले जाणारे ‘अंतरा’ इंजेक्शनही अंडमोचन थांबवते, आणि ते बंद केल्यावर चक्र पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. तेथेच मिळणारी ‘छाया’ गोळी वेगळ्या प्रकारची आहे. ती सहसा अंडमोचन थांबवत नाही, पण पाळी लांबवू शकते. तांबी मात्र या संप्रेरकांना हात लावत नाही, म्हणून तांबी असतानाही तिन्ही खुणा वाचता येतात. ७२ तासांच्या आत घ्यायची आपत्कालीन गोळी मुख्यतः एलएचची लाट पुढे ढकलून काम करते. लाट सुरू होऊन गेल्यावर ती घेतली तर उपयोग होण्याची शक्यता फार कमी असते, म्हणून ती जितकी लवकर घ्यावी तितके बरे.

गौरी-गणपती, लग्नकार्य किंवा वारी यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात. त्यांतील नॉरएथिस्टेरॉन प्रोजेस्टेरॉनचेच काम करते. पीतपिंड मावळला तरी गर्भाशयाच्या अस्तराला आधार मिळत राहतो आणि गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. त्या महिन्याचे तापमान आणि पाळीची तारीख वहीत वेगळ्या रंगाने लिहावी आणि सरासरीत धरू नये. या गोळ्या गर्भनिरोधक नाहीत. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल, यकृताचा आजार असेल किंवा अर्धशिशीबरोबर डोळ्यांपुढे चमक येत असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्या घेऊ नयेत. देवघरात जाता यावे म्हणून दुकानातून परस्पर गोळी आणली जाते, हे मला काळजीचे वाटते.

बाळंतपणानंतर अंगावर पाजताना प्रोलॅक्टिन चढे असल्याने एलएच दबलेले असते. पण अंडमोचन पाळीच्या आधी होते, म्हणून पहिली पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असणे, त्याला रात्रंदिवस केवळ अंगावरचेच दूध असणे आणि पाळी न आलेली असणे, या तिन्ही अटी पूर्ण असतील तरच स्तनपानावर विसंबता येते. मुलींमध्ये पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे अनेक चक्रे अंडमोचनाशिवायच जातात. चाळिशीत एफएसएच वाढू लागते, पूर्वार्ध आखूड होतो आणि पाळी पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागते.

वही किमान तीन चक्रे भरल्याखेरीज कोणताही निष्कर्ष काढू नये. त्यानंतर चक्रे सातत्याने २१ दिवसांपेक्षा लहान किंवा ३५ दिवसांपेक्षा मोठी असतील, तीन महिने पाळी आली नसेल, तापमान कोणत्याच चक्रात चढत नसेल, किंवा चढल्यावर दहा दिवसांच्या आतच पाळी येत असेल, तर वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. मूल हवे असून एक वर्ष, आणि वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिने, प्रयत्न करूनही यश आले नसेल तरीही जावे, आणि त्याच भेटीत पतीच्या वीर्याची तपासणीही लिहून मागावी. जाताना वहीच्या पहिल्या पानावर शेवटच्या तीन पाळ्यांच्या पहिल्या दिवसाच्या तारखा, प्रत्येक चक्राची लांबी, तापमान चढल्याचा दिवस आणि चालू असलेली सर्व औषधे लिहून न्यावीत.